खाद्यसूचीवरील कॅलरी-निर्देश

खाद्यसूचीवरील कॅलरी-निर्देश : उपाहारगृहात मिळणाऱ्या पदार्थाच्या नावापुढे, किंमतीच्या जोडीने, त्याच्या एका वाढणीतून मिळणारी ऊर्जा किलोकॅलरींत नमूद करण्याची पद्धत. मेन्यूकार्ड, भिंतीवरील फलक आणि मागणी नोंदविण्याचे संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲप या सर्वांचा समावेश येथे खाद्यसूचीत होतो. निवड करण्याच्या क्षणीच ग्राहकास पदार्थाच्या ऊर्जामूल्याची जाणीव व्हावी व त्यायोगे गरजेपेक्षा अधिक आहार घेण्याच्या प्रवृत्तीस आळा बसावा, हा तिचा हेतू होय. वाढत्या स्थूलतेवरील एक उपाय म्हणून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत ती कायद्याने रूढ झाली. भारतात ती १ जुलै २०२२ पासून मोठ्या उपाहारगृह-साखळ्यांना लागू आहे. घराबाहेरचे बरेचसे खाणे जेथे लहान खानावळी, टपऱ्या व हातगाड्या यांवर होते, तेथे या आकड्याचा उपयोग कितपत होतो, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याचा विचार रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णे या बंदराच्या उदाहरणाने पुढे केला आहे.

कॅलरी व तिचे मापन : एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान १° से. ने वाढविण्यास लागणाऱ्या उष्णतेस एक किलोकॅलरी म्हणतात. ती सु. ४.१८ किलोजूल भरते. व्यवहारात व आहारविषयक लिखाणात नुसते ‘कॅलरी’ असे म्हटले, तरी अभिप्रेत असते ती किलोकॅलरीच. हा वापर शास्त्रदृष्ट्या हजार पटींनी सैल आहे; परंतु तो इतका रुळला आहे की, त्यामुळे कोणाचा घोटाळा होत नाही.

अन्न शरीरात ‘जळते’ व त्याची उष्णता मोजता येते, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीची आहे. तिला व्यवहारोपयोगी रूप दिले ते अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ओलिन ॲटवॉटर (१८४४–१९०७) यांनी. माणसास बंद कोठीत ठेवून त्याने घेतलेले अन्न, बाहेर टाकलेली उष्णता व उत्सर्जित द्रव्ये यांचा त्यांनी ताळा घातला. एक ग्रॅम प्रथिनापासून ४, एक ग्रॅम कार्बोहायड्रेटापासून ४ व एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ किलोकॅलरी मिळतात, हे सुपरिचित गुणक त्यांच्या कार्यातून आले. मद्यार्काचा गुणक ७ आहे. हे गुणक सरासरीचे आहेत. तंतुमय द्रव्यांचे प्रमाण, पदार्थ किती बारीक दळला वा किती शिजवला आहे, यांनुसार प्रत्यक्ष पचणारी ऊर्जा थोडीफार बदलते.

खाद्यसूचीवर छापला जाणारा आकडा सामान्यतः पदार्थ प्रत्यक्ष जाळून काढलेला नसतो. पाककृतीतील प्रत्येक जिन्नसाचे वजन घेऊन व अन्नघटकांच्या कोष्टकातील मूल्याने त्यास गुणून ही बेरीज केली जाते. काही साखळ्या प्रयोगशाळेकडून नमुन्याची तपासणीही करून घेतात. भारतात अशा कोष्टकांचे काम राष्ट्रीय पोषण संस्थेने केले आहे. ही संस्था १९१८ मध्ये कून्नूर येथे लहानशा संशोधन-घटकाच्या रूपाने सुरू झाली व १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेली कोष्टके १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक दशके आहारतज्ञांच्या टेबलावर राहिली. ५२८ अन्नपदार्थांची नवी कोष्टके २०१७ मध्ये आली. या कोष्टकांत प्रामुख्याने कच्च्या जिन्नसांची मूल्ये असतात. शिजलेल्या पदार्थाचे मूल्य शिजविणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. आकडा जितका नेमका हवा, तितकी पाककृती ठराविक असावी लागते, हे कॅलरी-निर्देशाचे मूळ बंधन आहे.

स्थूलता : शरीरात मेदाचा संचय आरोग्यास बाधक होईल इतका वाढणे, म्हणजे स्थूलता. ती मोजण्यासाठी किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा शरीरवस्तुमान-निर्देशांक वापरतात. हे गुणोत्तर बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुचविले होते. त्यास आजचे नाव अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. जागतिक आरोग्य संघटना २५ व त्यापुढील निर्देशांकास अतिवजन व ३० पासून पुढे स्थूलता मानते. भारतीयांसाठी मात्र २००९ च्या तज्ञमतानुसार २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता धरली जाऊ लागली. पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. किंवा त्याहून अधिक कंबरघेर हा पोटातील मेदाचा सूचक समजतात.

ही निराळी मर्यादा ठरण्यामागे जे संशोधन आहे, त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपले एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरला. पुणे परिसरातील सहा खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या अभ्यासात याज्ञिक व सहकाऱ्यांना असेही आढळले की, तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किग्रॅ. म्हणजे इंग्लंडमधील बालकांच्या ३.५ किग्रॅ. पेक्षा पुष्कळच कमी असले, तरी त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने घटलेला नसतो. उणीव पडते ती स्नायूंत. दिसण्यात कृश, पण घडणीने मेदयुक्त अशा या शरीरास पुढे भरपूर अन्न व थोडे श्रम मिळाले की, मधुमेह व हृद्‌रोग यांची शक्यता लवकर निर्माण होते [→ मधुमेह].

आयुर्वेदात या विकाराचा विचार प्राचीन काळीच झालेला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या पुरुषांत अतिस्थूल व अतिकृश हे दोघेही येतात आणि त्या दोहोंचे विवेचन तेथे शेजारीशेजारी केलेले आहे. ही जोडी आजच्या महाराष्ट्रासही लागू पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) राज्यातील १५ ते ४९ या वयोगटातील सु. २३ टक्के स्त्रियांचा निर्देशांक २५ वा त्याहून अधिक, तर सु. २१ टक्के स्त्रियांचा १८.५ पेक्षा कमी आढळला. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच गावात, जवळजवळ सारख्याच संख्येने वसणाऱ्या या दोन गटांना एकच आकडा दाखवून एकच उपदेश करता येत नाही.

भुकेचे माप म्हणून कॅलरी : उपाहारगृहाच्या फलकावर कॅलरी आली ती अतिरेकाचे माप म्हणून, परंतु भारतीय सार्वजनिक जीवनात तिचा प्रवेश झाला तो भुकेचे माप म्हणून, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर (१९२०–९५) व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दरडोई दररोज २,२५० किलोकॅलरी देणारा आहार परवडण्याइतका खर्च ही दारिद्र्याची सीमा मानलेली होती. नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० हे आकडे स्वीकारले. शालेय माध्यान्ह भोजनातही प्राथमिक वर्गांसाठी ४५० व उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० किलोकॅलरी अशी मर्यादा आहे. ती अर्थात किमान मर्यादा आहे.

या हिशेबास हरकत घेणारेही महाराष्ट्रातीलच होते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले व संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ सेवा केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांचे म्हणणे असे होते की, ऊर्जेची गरज माणसामाणसांत तर भिन्न असतेच. परंतु एकाच माणसात, वजन व काम तेच असतानाही, ती काळाप्रमाणे खालीवर होते. तेव्हा सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी आहे असे मानणे चुकीचे ठरेल. शरीर गरजेनुसार स्वतःला किती जुळवून घेते, याविषयीचे त्यांचे प्रतिपादन सर्वमान्य झाले नाही. दांडेकरांशी त्यांचा झालेला वाद गाजला. त्यातून दारिद्र्याची संख्या कमी दाखविण्यास आधार मिळतो, असा आक्षेपही घेतला गेला. वादाचा निकाल काहीही लागो, सरासरी हे समूहाचे वर्णन आहे, व्यक्तीसाठी दिलेला आदेश नव्हे, हा त्यातील संख्याशास्त्रीय मुद्दा टिकून आहे. अतिरेक मोजतानाही तो तितकाच लागू पडतो.

कायदे व नियम : न्यूयॉर्क शहरात २००८ मध्ये साखळी-उपाहारगृहांना फलकावर कॅलरी लिहिणे सक्तीचे झाले. २०१० च्या आरोग्यविषयक कायद्याने अमेरिकेतील वीस किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांवर हे बंधन घालण्यात आले. प्रत्यक्ष अंमल होण्यास मे २०१८ उजाडले. कॅनडातील आँटॅरिओ प्रांताने २०१७ पासून व इंग्लंडने एप्रिल २०२२ पासून, २५० वा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांपुरता, असाच नियम केला.

भारतात अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ या कायद्याखाली अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या लेबल व प्रदर्शनविषयक विनियमांत ही तरतूद आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी प्रत्येक पदार्थापुढे एका वाढणीचे माप व तिची किलोकॅलरींतील ऊर्जा द्यावी लागते. क्रियाशील प्रौढ व्यक्तीस दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरींची गरज असते, मात्र ही गरज व्यक्तिपरत्वे बदलू शकते, अशा अर्थाचे वाक्यही ठळकपणे लिहावे लागते. ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे आवश्यक आहे. समारंभापुरते जेवण पुरविणारे, वर्षातून साठ दिवसांहून कमी काळ चालणारी खाद्यगृहे, ग्राहकाच्या सांगण्यावरून मुद्दाम केलेला पदार्थ आणि विनामूल्य ठेवलेल्या चटण्या-सॉस यांना सूट आहे.

परिणाम : या उपायाकडून ज्या अपेक्षा होत्या, त्या मानाने त्याचे फळ अल्प आहे. कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध प्रयोगांचे २०२५ मध्ये जे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध केले, त्यानुसार कॅलरी-निर्देशामुळे निवडलेल्या अन्नातील ऊर्जा सरासरी १.८ टक्क्यांनी घटते. ६०० किलोकॅलरींच्या जेवणात ही घट सु. ११ किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम दोन बदामांइतकी होते. रोज बाहेर जेवणाऱ्या मोठ्या लोकसंख्येत एवढी घटही वर्षानुवर्षे साचत जाते, हे समर्थकांचे उत्तर निराधार नाही. शिवाय आकडा जाहीर करावा लागला म्हणजे विक्रेताच पदार्थातील तेल-साखर किंवा वाढणीचा आकार कमी करू शकतो. हा परिणाम ग्राहकाच्या निर्धारावर अवलंबून नसल्यामुळे अधिक भरवशाचा ठरावा. उलटपक्षी, अल्पाहार व अनियंत्रित उपासमार यांच्या मानसिक विकाराने ग्रस्त असलेल्यांना सर्वत्र दिसणारे हे आकडे त्रासदायक ठरतात, अशी तक्रार इंग्लंडमध्ये केली गेली आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आकडा ऊर्जेविषयी सांगतो, पोषणाविषयी सांगत नाही. दोनशे किलोकॅलरींचे गोड पेय व दोनशे किलोकॅलरींची उसळ-भाकरी फलकावर समान ठरतात. प्रथिने, लोह, तंतू व पुढील चार तासांत लागणारी भूक या बाबतींत त्यांच्यात काहीच साम्य नसते.

हर्णे येथील परिस्थिती : हर्णे हे दापोली तालुक्यातील अरबी समुद्रावरचे मासेमारी बंदर, दापोलीच्या पश्चिमेस सु. १५ किमी. वर आहे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग व किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला यांमुळे त्यास ऐतिहासिक महत्त्व असले, तरी गावाचे रोजचे जीवन मासळीभोवती फिरते. किनाऱ्यावरील मासळीचा लिलाव प्रसिद्ध असून तो पाहण्यास पर्यटकही गर्दी करतात. जवळच्या मुरूड, कर्दे, आंजर्ले या किनाऱ्यांवर पर्यटन वाढल्यापासून परिसरात घरगुती खानावळी पुष्कळ झाल्या आहेत. बांगडा, सुरमई, पापलेट वा कोळंबीची थाळी, तांदळाची भाकरी, भात, कालवण व सोलकढी हे त्यांचे ठरलेले जेवण. एका कुटुंबाने एकाच चुलीवर चालविलेल्या अशा खानावळीस २००६ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. कॅलरी लिहिण्याचे बंधन तिच्यावर नाही. वडापाव व भजी यांच्या टपऱ्यांवरही ते नाही.

हे बंधन नाही याचा खेद करण्यापूर्वी, ते घातले असते तर आकडा काय आला असता, हे पाहणे उद्‌बोधक ठरते. १९७१ च्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅ. कच्च्या तांदळात ३४५, बांगड्यात ९३, पापलेटात ८७, कोळंबीत ८९, ओल्या नारळात ४४४ व तेलात ९०० किलोकॅलरी असतात. एका थाळीसाठी १०० ग्रॅ. तांदळाचा भात (३४५), प्रत्येकी ६० ग्रॅ. पिठाच्या दोन भाकऱ्या (४१४), १०० ग्रॅ. खाद्य भाग असलेला तळलेला बांगडा व त्याने शोषलेले १० ग्रॅ. तेल (१८३), ५० ग्रॅ. मासे, ३० ग्रॅ. नारळ व १० ग्रॅ. तेल यांचे कालवण (सु. २७०) आणि एक वाटी सोलकढी (सु. ६०) असे धरले, तर बेरीज सु. १,२७० किलोकॅलरी होते. भात अर्धपट अधिक वाढला गेला, कालवणात नारळ २० ग्रॅ. नी व तेल १० ग्रॅ. नी जास्त पडले, तर तीच थाळी १,६०० च्या वर जाते. वाढणाऱ्या बाईने आग्रहाने घातलेला भात हा आकड्यात बसणारा घटक नव्हे. आणि तो न घालणे कोकणात पाहुणचार समजला जात नाही.

या बेरजेत आणखी एक गोष्ट दिसते. थाळीला जिच्यामुळे नाव मिळते ती मासळी स्वतः सर्वांत हलकी आहे. दोन्ही पदार्थांतील मासे मिळून १४० किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे एकूण ऊर्जेच्या नवव्या हिश्श्याइतकेच भरतात. प्रथिनांचा मोठा भाग मात्र तेच पुरवितात. बाकीची ऊर्जा मुख्यतः तांदूळ, नारळ व तेल यांची. बांगड्यातील मेदाचे प्रमाण हंगामाप्रमाणे बदलते, परंतु त्यामुळे हे चित्र उलटत नाही. मासळी सुकविली की पाणी उडून ऊर्जेची दाटी वाढते, व सुक्या बोंबलाच्या १०० ग्रॅमचे मूल्य २९३ होते. पण तो एका वेळी खाल्ला जातो थोडाच. वजन कमी करू इच्छिणाऱ्या माणसाने मासे सोडून भात-कालवणावर भागविणे, हा हिशेब उलटा केल्याचा प्रकार आहे, आणि तो विरळा नाही.

हीच थाळी कोणासमोर ठेवली आहे, यावर तिचा अर्थ ठरतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीची दैनिक ऊर्जेची गरज १,६६० व ६५ किग्रॅ. वजनाच्या पुरुषाची २,११० किलोकॅलरी आहे. मध्यम श्रमांसाठी हे आकडे २,१३० व २,७१०, तर जड श्रमांसाठी २,७२० व ३,४७० असे आहेत. म्हणजे १,२७० किलोकॅलरींच्या एका जेवणात बैठ्या कामाच्या स्त्रीची दिवसभराच्या गरजेची तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा येते. जाळी ओढणाऱ्या खलाशाच्या गरजेची ती एक-तृतीयांशाहून थोडीच जास्त होते. विनियमातील २,००० चा आकडा या दोघांपैकी कोणाचाच नाही.

खलाशाचा आकडाही वर्षभर एक राहत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते. त्या दोन महिन्यांत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणणे व दुरुस्ती ही कामे बसून होतात, आणि भूक व ताटातील भात मात्र सवयीने हंगामातलेच राहण्याचा संभव असतो. यंत्रनौका, तयार नायलॉन जाळी व ओढकामाची यंत्रे यांनी हंगामातील श्रमही पूर्वीपेक्षा कमी केले आहेत. माशांची निवड, सुकवणे व विक्री ही कामे करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांचा हिशेब बहुधा धरलाच जात नाही. टोपली डोक्यावर घेऊन चालणारी विक्रेती ‘बैठे काम’ या सदरात निश्चितच बसत नाही, आणि तीच बाई रिक्षाने बाजारास जाऊ लागली की तिची गरज कोणत्याही नोंदीशिवाय घटते. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी सुटीत घरी येतो, तेव्हा त्याच्या बैठ्या शरीराला वाढले जाते ते वडिलांच्या श्रमांच्या मापाने.

गणेशोत्सवातील उकडीच्या मोदकाचाही असाच हिशेब मांडता येतो. २५ ग्रॅ. तांदूळपिठी, २० ग्रॅ. नारळ व १५ ग्रॅ. गूळ यांच्या एका मोदकात सु. २३० किलोकॅलरी येतात. वरचे चमचाभर तूप ४५ ची भर घालते. हा आकडा सणाच्या दिवशी सांगण्याचा नव्हे. तो माहीत असलेला माणूस अकराव्या मोदकाच्या पैजेत भाग घेताना निदान अज्ञानाने घेणार नाही, इतकेच.

पोषणविषयक जाणीव : महाराष्ट्रातील शिक्षित वर्गात आहाराविषयी कुतूहल कमी नाही. २०१८ च्या सुमारास मराठी घरांत, लग्नसमारंभांत व समाजमाध्यमांवर दोन मतांची चर्चा अहमहमिकेने चालली होती. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांचा आधार घेऊन जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे व मधल्या वेळेत काही खाऊ नये, असा प्रचार केला. ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या अंतराने खाणे, स्थानिक व पारंपरिक पदार्थ आणि तुपासारख्या स्निग्धांविषयीची भीती सोडणे यांवर भर दिला. एका पक्षाने इन्शुलीन किती वेळा स्रवते याकडे, तर दुसऱ्याने भूक, ऋतू व परंपरा यांकडे लक्ष वेधले. दोन्ही पक्षांनी कॅलरी मोजण्यास दुय्यम स्थान दिले, आणि तरीही दोन्हींचे अनुयायी बहुसंख्य झाले, ही बाब लक्षणीय आहे. कधी खावे व काय खावे, याचा नियम लोकांच्या स्मरणात राहतो. किती याचा आकडा राहत नाही. यांपैकी कोणत्याही पद्धतीने वजन घटते, तेव्हा एकूण घेतलेली ऊर्जा कमी झालेली असते, हे भौतिकीचे बंधन मात्र सुटत नाही.

आकडा स्मरणात राहायचा, तर तो घरातील मापांत उतरला पाहिजे. मराठी स्वयंपाकघरात हे माप वाटी, चमचा, पळी व मूठ असे आहे. कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या पाककृतिग्रंथाच्या लोकप्रियतेस त्यातील वाटी-चमच्याची प्रमाणे बरीच कारणीभूत झाली. पोषणशिक्षणातही हाच मार्ग सोयीचा आहे. चहाचा एक सपाट चमचा तेल सु. ४५ किलोकॅलरी, तेवढीच साखर सु. २०, अर्धी वाटी खोवलेला ओला नारळ भरतो तितक्या वजनाने. ही पाच-सहा प्रमाणे ठाऊक असली की, खानावळीच्या थाळीचा अंदाज फलकावाचून करता येतो. चार माणसांच्या घरात महिन्याला तेलाचे किती डबे वा पिशव्या लागतात, ही नोंद तर कोणत्याही कोष्टकावाचून ठेवता येते. महिन्याला चार लिटर तेल म्हणजे माणशी दिवसाला सु. ३० ग्रॅ., अर्थात सु. २७० किलोकॅलरी.

शासनाकडूनही प्रयत्न झाले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांत अतिमेद, अतिलवण व अतिशर्करायुक्त पदार्थ विकण्यास मनाई केली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२५ मध्ये कार्यालये व संस्था यांनी खाद्यपदार्थांतील तेल व साखर यांचे प्रमाण दाखविणारे फलक लावावेत, असे सुचविले. नागपूर येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे नाव या संदर्भात पुढे आले, आणि सामोसा, जिलेबी व वडापाव यांवर सिगारेटप्रमाणे इशारे छापले जाणार, असे वृत्त देशभर पसरले. हे फलक सर्वसाधारण जागृतीसाठी असून कोणत्याही विशिष्ट भारतीय पदार्थाविरुद्ध अथवा विक्रेत्यांसाठी नाहीत, असा खुलासा मंत्रालयास जुलैमध्ये करावा लागला. गैरसमजातून उठलेल्या या गदारोळाने एक काम केले : चमचे व ग्रॅम यांत सांगितलेली साखर किलोकॅलरीपेक्षा लवकर समजते, हे त्यावरील चर्चेत दिसून आले.

हर्णेसारख्या गावात छापील आकडा खरोखर पोहोचतो तो उपाहारगृहातून नव्हे, तर वाण्याच्या दुकानातील वेष्टनावरून. बिस्किटे, वेफर्स, शेव, फरसाण व शीतपेये यांच्या पुड्यांवर व बाटल्यांवर पोषणविषयक तक्ता छापणे बंधनकारक आहे. तो बहुधा बारीक टंकात, मागच्या बाजूस व इंग्रजीत असतो, आणि त्यातील मुख्य मूल्ये १०० ग्रॅ. वा १०० मिलि. साठी दिलेली असतात. पुडा ६० ग्रॅमचा किंवा बाटली ६०० मिलि.ची असली, तर त्रैराशिक वाचकाने करायचे असते. १०० मिलि. मध्ये ११ ग्रॅ. साखर असलेल्या ६०० मिलि. च्या बाटलीत ६६ ग्रॅ., म्हणजे चहाचे तेराहून अधिक चमचे साखर येते. वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर सोप्या खुणा छापाव्यात, ही मागणी जुनी आहे. प्राधिकरणाने २०२२ मध्ये ताऱ्यांच्या संख्येने गुणवत्ता दाखविणारा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा तारे हे शिफारशीसारखे भासतात, अपायकारक पदार्थावर सरळ इशारा हवा, असा आक्षेप आरोग्यक्षेत्रातील अनेकांनी घेतला.